एक्केचाळीस मिनिटं

प्रिय वेदू,

फोन करायचं मनात होतं. दोनदा नंबर काढलाही. पण फोनवर तू मला मध्येच "असू दे गं ताई" म्हणून थांबवशील आणि मी लगेच थांबेन, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितेय. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे; सही सोडली तर हाताने काही लिहायची वेळच येत नाही हल्ली. कुरियरने पाठवतेय, म्हणजे शुक्रवारपर्यंत तुला देवनहळ्ळीला मिळेल. आधी तू एकट्याने वाच. मग पवित्राला दिलंस तरी चालेल.

गेल्या महिन्यात मी दासरहळ्ळीला गेले होते. काम काही नव्हतं. आपल्या घरात आता कुणी हासनचं कुटुंब राहतं, गॅलरीत त्यांनी जाळी बसवलीय. शेजारच्या यल्लव्वाने मला ओळखलं, हाताला धरून आत नेलं, चहा केला. तू देवनहळ्ळीला एका लेआउटच्या ऑफिसात लागलास, लोकांना जीपमधून प्लॉट दाखवत फिरतोस, हे तिनेच सांगितलं. "गेम बनवायचं सगळं सोडलं बघ त्यानं. कंप्यूटरसुद्धा विकला," म्हणाली. मी "हो का" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मग ती आईबद्दल बोलायला लागली. शेवटच्या दोन वर्षांत आईचे हात म्हणे एक क्षण स्वस्थ नसायचे, पदराचे धागे उसवत बसायची. म्हणून तू पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या कारखान्यातून किलोभर नटबोल्ट आणून दिलेस आणि ती दिवसभर ते परातीत मापाप्रमाणे निवडत बसायची. रात्री तू ते पुन्हा मिसळून ठेवायचास. यल्लव्वाला वाटलं हे मला ठाऊकच असेल.

मला ते ठाऊक होतं, वेदू. पण कसं ते सांगायचं तर आधी माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल. तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही.

आमचं दुकान म्हणजे हेब्बाळला चौथ्या मजल्यावर बसलेली सहा माणसं. दुकान म्हणायचं, पण त्याला दार नाही की फळी नाही, सगळं इंटरनेटवर. मोठ्या दुकानांच्या ढिगात जे खेळ बुडून जातात, एकट्यादुकट्याने बनवलेले, जगावेगळे, थोड्यांनाच आवडतील असे, ते आम्ही विकतो. आठवड्याला साठ-सत्तर येतात, त्यांतले तीन-चार ठेवतो. लोकांना वाटतं आम्ही मजेत खेळत बसतो. प्रत्यक्षात नाही म्हणायचं काम असतं ते. आधी खेळाची चाळीस सेकंदांची झलक बघायची. मग आतापासून त्याची वाट बघणारी माणसं किती आहेत ते बघायचं. मग तो कोणत्या खणात घालायचा ते ठरवायचं: कोडी, गोष्ट, शेती, भुताटकी. ज्याला खण नाही तो शोधणाऱ्याला सापडत नाही. लांबीसुद्धा बघतो, कारण दोन तासांच्या आत गिऱ्हाईक खेळ परत करू शकतं, आणि दीड तासात संपणारा खेळ लोक संपवतात, डोळे पुसतात आणि परत करतात. यातून जो पार पडेल तो आमच्यापैकी कुणीतरी वीस मिनिटं खेळून बघायचा. वीसच. वेळच नसतो, आणि गिऱ्हाईकही त्याहून जास्त थांबत नाही.

शेवटी बुधवारची बैठक. आमचा मालक दामोदर निपाणीचा, त्यामुळे बैठक मराठी-कन्नड-इंग्रजी अशी चालते. त्याचा एकच प्रश्न असतो, "हा खेळ घेणारं गिऱ्हाईक कोण? 'तरुण वर्ग' वगैरे सांगू नका. एका माणसाचं नाव सांगा." आणि नाव सुचलं नाही तर तो खेळ गेला. मला हा प्रश्न आवडायचा. एकदा परदेशातल्या कुणा म्हाताऱ्याने केलेला कबुतरं पाळण्याचा खेळ आला होता. त्यात दोन तास दाणे टाकण्याखेरीज काही घडत नव्हतं. मी त्यासाठी भांडले. मी म्हटलं, आमच्या गल्लीतला परसू, छपरावर कबुतरं होती त्याची, मुलाने विकायला लावली, तो घेईल. दामोदर हसला आणि खेळ ठेवला. फारसा विकला गेला नाही, पण कुणी मला चूक म्हटलं नाही. हे मुद्दाम सांगतेय. न विकणाऱ्या खेळासाठी कसं भांडायचं ते मला येत होतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी 'दुपार' आला.

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं कंपनीचं नाव होतं आणि ते मी कधी ऐकलं नव्हतं. झलक अगदी साधी. एक परात, दोन म्हातारे हात, नटबोल्ट. वाट बघणारे लोक अकरा. खण कुठला ते कळेना. कोडी म्हणावं तर कोडं नव्हतं. पण आमच्याकडच्या रम्याने तो आधीच खेळला होता आणि ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. रम्या मंड्याची, सव्वीस वर्षांची, कामात माझ्याहून कडक आहे. म्हणाली, "अक्का, हा जरा जास्त वेळ खेळा. स्वल्प. वीस मिनिटांत नाही कळत." डोळे लाल होते तिचे.

मी बसले. वीस मिनिटं मी नुसते नटबोल्ट निवडत होते. सहाचे सहात, आठचे आठात. मला तेव्हा खरंच काही कळलं नाही, वेदू. आपली आई असं काही करायची हेच मला माहीत नव्हतं. मी यायचं बंद केल्यानंतरची गोष्ट ना ती.

का बंद केलं ते तुला मी कधी सांगितलं नाही. काम, मीटिंग, ट्रॅफिक, सगळी कारणं देऊन झाली होती. खरं असं की आई जायच्या दोन वर्षं आधी, पावसाळ्यात एका रविवारी तू औषधं आणायला खाली गेला होतास. मी आईचे केस विंचरत होते. ती माझा हात बाजूला करून म्हणाली, "यल्लव्वा, तू जा आता. माझी उल्का येईल एवढ्यात. तिला तू आलेली आवडत नाही." मी कंगवा ठेवला. तू आल्यावर हसून निघाले. त्यानंतर आणखी तीन रविवार मी येत राहिले आणि मग आलेच नाही. माझी वाट बघणाऱ्या आईसमोर मी बसायचं आणि तिने दाराकडे बघायचं, हे मला झेपलं नाही. तुला झेपत होतं की नाही, हे मी विचारलं नाही. दोन वर्षं तू तिला न्हाऊ-माखू घातलंस आणि मी महिन्याला फोन केला. तिच्या शेवटच्या सकाळी तू तीन वेळा फोन केलास, तेव्हाही मी बैठकीत फोन उलटा घालून बसले होते. स्मशानात तू म्हणालास, "आता कशाला आलीस?" तेव्हा मी तुझ्यावर रागावले. एवढं लोकांसमोर बोलायला नको होतं, असं सगळ्यांना सांगत फिरले. ते वाक्य खोटं असतं तर मी इतकी रागावले नसते.

तर वीस मिनिटं झाली. घड्याळ लावलेलं असतं, ते वाजलं. एरवी मी तिथेच थांबते. रम्याचे डोळे आठवले म्हणून थांबले नाही.

मग हात थांबले आणि हळूहळू खोली दिसायला लागली. पिवळी भिंत, आपल्या घरातली. आप्पांनी वाकडा ठोकलेला रॅक. खिडकीच्या गजाला बांधलेली निळी पिशवी. मी मागे वळून बघितलं, कुणी माझ्याकडे बघतंय का म्हणून. मग म्हातारीने मान वर न करता विचारलं, "ती आली का?" आणि खेळणाऱ्यासमोर दोन उत्तरं आली. 'नाही आली.' किंवा, 'येऊन गेली, तू झोपली होतीस.'

मी खरं उत्तर दाबलं. म्हातारी उठली, दाराशी जाऊन उभी राहिली. काहीच होईना. मी वाट्टेल ते दाबून पाहिलं, ती हलेना. बाहेरचं ऊन सरकत होतं तेवढंच. कितीतरी वेळाने ती परत येऊन बसली आणि पुन्हा तोच प्रश्न. तेव्हा मी दुसरं दाबलं. ती हसली. परात ओढून घेतली आणि म्हणाली, "चहा घेतला का तिने?"

मी खेळ बंद केला. एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

म्हणजे दोन वर्षं तू तिला सांगत होतास की मी येऊन जाते. माझ्यावर चिडलेला असताना, एकट्याने सगळं उपसत असताना, रोज दुपारी तू तिच्यासमोर मला चांगली ठेवत होतास. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. वाटलं, हे सगळं आता बाजारात मांडणार हा? कुणीही उठावं, काही रुपये टाकावेत आणि मी न आल्याचं बघावं? माझं नाव कुठे नव्हतं. मला ओळखणारं जगात कुणी ते खेळलं नसतं. तरीही त्या क्षणी मला तो खेळ कुठेच नको होता.

बुधवारी रम्या बोलली, छान बोलली. मग दामोदरने माझ्याकडे बघितलं, कारण शेवटचा शब्द माझा असतो. मी म्हटलं, दीड तासात संपतो, परत येईल. खण नाही. वाट बघणारे अकरा. मराठीत आहे, भाषांतराचा खर्च कोण करणार? सुरुवातीला काही घडत नाही. एकही कारण खोटं नव्हतं, वेदू, आणि हेच मला अजून छळतं. कुणी माझं चुकलं असं म्हणू शकणार नाही. दामोदरने नेहमीचं विचारलं, "एक नाव सांग, उल्का. कोण घेईल?" मी म्हटलं, "कुणी नाही." बैठकीनंतर रम्या हळूच म्हणाली, "अक्का, तुम्ही एक्केचाळीस मिनिटं खेळलात. आपल्या सिस्टीमवर नोंद दिसते."  तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

नकाराचं पत्र मीच पाठवलं, माझ्याच नावाने. आमच्याकडे तयार वाक्यं असतात, त्यांतून निवडायचं. 'पहिल्या वीस मिनिटांत खेळ पकड घेत नाही' हे मी मुद्दाम निवडलं. ते वाचून कुणालाही वाटावं की पुढचं कुणी पाहिलंच नाही. नाकारलेल्या खेळांच्या प्रती आम्ही तीन महिन्यांनी पुसतो, तशी तीही पुसली गेली. त्यामुळे तुझ्या खेळाचा शेवट मला माहीत नाही. रम्याला माहीत आहे. तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

यल्लव्वाकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दामोदरला सगळं सांगितलं, रम्यासमोर. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी तुझ्याकडे एक नाव होतं." एवढंच. मी निवडीचं काम सोडलंय, ते आता रम्या बघते. खेळ पुन्हा पाठवायचा का, तुझ्याकडे तो उरलाय तरी का, हे तिला तू कळव किंवा कळवू नकोस. त्यात मी कुठेच नाही. आणि हे मी परतफेड म्हणून लिहीत नाही. कंप्यूटर विकलेल्या माणसाला त्याने काय फरक पडणार?

आता हे सगळं आज का, ते. सोमवारी तुझा मेसेज आला. चार वर्षांनी तुझं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी हेब्बाळच्या पुलाखाली बसची वाट बघत होते, तिथेच कठड्यावर बसले. तुला आणि पवित्राला मुलगी झाली, रविवारी बारसं आहे, आणि तू लिहिलंस, 'ताई, तू ये. तिच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं असतं. तुमच्याकडे मी एक गेम पाठवला होता, तो तू नाकारलास म्हणून वर्षभर डोक्यात राख घालून बसलो. पण तू तो पुढे पाहिलाच नसणार, वीस मिनिटांत ते दिसत नाही. चूक माझी होती.' मी ते किती वेळा वाचलं असेल! 'येते' असं टाइप केलं होतं, पुसलं. तुझी चूक नव्हती, बाळा. तू जिला माफ केलंस आणि बोलावलंस ती बहीण वीस मिनिटांवर थांबली होती. मी थांबले नव्हते. पाहून, ओळखून, नाही म्हटलं. हे लपवून तुझ्या लेकीच्या कानाशी तोंड न्यायचं मला जमणार नाही. तिच्यासाठी चांदीचे वाळे घेतलेत, ते यल्लव्वाकडे देऊन ठेवलेत. ती येणार आहेच. रविवारी मी घरीच असेन, तयार होऊन. तुला बोलवावंसं वाटलं तर निघेन, तासाभरात पोचेन. नाही वाटलं तर पवित्राच्या बहिणीला पुढे करा, मुहूर्त चुकवू नका. आणि तिचं नाव काय ठेवताय, ते मला कुणाकडून तरी कळव, एवढंच मागते.

तुझीच,
उल्काताई