एकोणीस नियम आणि शाळेची पोपटी

५ जानेवारी २०२६, सोमवार
नवीन वर्ष, नवीन डायरी. संकल्प: एक, रोज लिहायचं. दोन, कोणावर उगाच संशय घ्यायचा नाही. तीन, पूनम मॅडमवर लक्ष ठेवायचं.

पूनम मॅडम म्हणजे आमच्या नव्या मुख्याध्यापिका. दिवाळीनंतर आल्या. उरणकडच्या, मिस्टर न्हावा शेव्याला पोर्टात. जगभरचे कंटेनर जिथे उघडतात तिथून ही बाई थेट आमच्या तळा तालुक्यात येते, आणि पहिल्याच आठवड्यात विचारते की भाऊसाहेब, मुलं डबा खाताना भिंतीकडे तोंड करून का बसतात?

शांतपणे सांगितलं, नियम क्रमांक अकरा. एकूण एकोणीस आहेत. २०२१ साली, करोनात, मला, म्हणजे दयाराम भायदे, लिपिक, यांना आरोग्य समन्वयक नेमलं. लेखी. ते पत्र रद्द झाल्याचं पत्र आजवर आलेलं नाही. त्या हसल्या. का हसल्या, ते शोधायला हवं.

८ जानेवारी, गुरुवार. सकाळी १०.२५
गेट तपासणी पूर्ण. मुलं २११. तापमान सगळ्यांचं ९७.१. जूनमध्ये थर्मामीटर गन बादलीत पडली होती. मोरू शिपाई म्हणाला, गेली. मी उन्हात वाळवली. तेव्हापासून तर जास्तच स्थिर चालते. सात महिन्यांत एकही मूल ९७.१ च्या वर नाही. खालीही नाही. याला म्हणतात शिस्त.

व्हरांड्यातले अंतर राखायचे पिवळे गोल पुसट झालेत. रविवारी रंगवायचे.

१२ जानेवारी, सोमवार
संशय खरा ठरला! मॅडमनी पत्रक काढलं. ३१ तारखेला शाळा समितीची बैठक, विषय: करोनाकाळातील नियम चालू ठेवावेत किंवा कसे. 'किंवा कसे' मधला 'कसे' मला बरोबर कळतो.

त्यांचं म्हणणं, साबण आणि नळ राहू द्या, ते कायमच हवेत. पण दप्तरांवर फवारा कशाला, गोल कशाला, रोज गेटवर अर्धा तास रांग कशाला? पहिलीतल्या मुलांनी आजवर एकमेकांचा डबा चाखलेला नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, त्यामुळेच धडधाकट आहेत.

बाहेर आलो तर बायजाबाई, आमची खिचडी शिजवणारी, दाराशीच. कान देऊन उभी असणार. म्हणाली, भाऊसाहेब, प्वारा जेवताना येकमेकांची तोंडा बघत न्हाय, त्यांना अन्न ग्वाड तरी कसा लागल? मॅडमनी फितवलेलं दिसतंय.

१५ जानेवारी, गुरुवार
बैठकीत आलेख दाखवायचा ठरवलं. आडवी रेघ तारखांची, उभी तापमानाची. काढून पाहिला. सात महिने सरळ रेघ. इतका स्वच्छ आलेख आयुष्यात पाहिला नव्हता. सगुणाला दाखवला. म्हणाली, अहो, मेलेल्या माणसाचा असा येतो. बायकोला विज्ञान दाखवू नये.

१८ जानेवारी, रविवार
गोल रंगवले नाहीत. कंबर.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाहीच. या शाळेत मी सव्वीस वर्षं आहे. पहिली एकवीस वर्षं खिडकीच्या आत बसलो. मुलं दाखला घ्यायला यायची, खिडकीकडे बघायची, माझ्याकडे नाही. आता रोज सकाळी २११ मुलं एकेक करून माझ्यासमोर थांबतात आणि कपाळ पुढे करतात. पहिलीतली प्राप्ती तर डोळेही मिटते. ते बंद झालं तर मी परत खिडकीच्या आत जाणार. त्याचा मला फार त्रास होतो.

१९ जानेवारी, सोमवार
नवीन कट. मॅडमनी शनिवारी शाळेमागच्या शेतात पोपटी ठेवली आहे. मोठं मडकं, भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वरून गवताचा जाळ. मग सगळं एका कागदावर ओतायचं आणि सगळ्यांनी गोल बसून एकाच ढिगातून हाताने खायचं. नियम चार, सात, अकरा, बारा, आणि नीट पाहिलं तर पंधरासुद्धा. बैठकीच्या आधीच्याच शनिवारी! योगायोग म्हणे.

ठरलं. मी जाणार, पण निरीक्षक म्हणून. सहा फुटांवरून. एक शेंगसुद्धा तोंडात घालणार नाही.

२२ जानेवारी, गुरुवार
घसा खवखवतो. मॅडमच्या केबिनमध्ये नवीन अगरबत्ती आहे. नोंद केली.

२४ जानेवारी, शनिवार. दुपारी १
अंग जड. सगुणाने कपाळाला हात लावला, म्हणाली, अहो तापलंय, आज घरीच बसा. हाताने ताप कळत असता तर मशीन कशाला निघालं असतं? स्वतःवर गन लावली. ९७.१. निघतो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७
जे झालं ते क्रमाने लिहितो.

मी सहा फुटांवर खुर्ची टाकून बसलो. मास्क आणला होता, पण शिट्टी वाजवायला तो काढावा लागला. आलेल्या पालकांची तपासणी केली, सगळे ९७.१. मडकं जाळातून काढलं, आणि पालक संघाचा अध्यक्ष विनेश, ट्रेलर चालवतो, मोठ्याने म्हणाला, भाऊसाहेब, मडक्याला पण लावा की! मी म्हटलं, लावतो, त्यात काय.

९७.१.

विनेशने पायाखालच्या दगडाला लावायला लावली. ९७.१. मग मॅडमच्या स्कूटरला. सगळं शेत हसलं. बायजाबाई तर खाली बसून हसली. मॅडम हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मी सांगितलं की माती उष्णता धरून ठेवते, रीडिंग चुकू शकतं.

खुर्ची उचलून बांधावर जाऊन बसलो. डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे. तेवढ्यात प्राप्ती आली, हातात अंडं, म्हणाली, सर, सोलून द्या ना, चटका बसतोय. नियम सात, दुसऱ्याच्या खाण्याला हात लावू नये, त्यानुसार नाही म्हणायला हवं होतं. सोललं. फुंकर मारून गार करून दिलं. तिने खाल्लं आणि जाऊन सगळ्या पहिलीला सांगितलं. रांग लागली! कोणी लावली नव्हती, आपोआप. एकेक करून पोरं माझ्यासमोर थांबली, मी एकेक अंडं सोललं, फुंकलं, हातात दिलं. चौदा अंडी. मग मीही खाली बसलो. वाल काय लागले होते! भिंतीकडे तोंड कोणाचंच नव्हतं.

तरी नियमांबद्दलचं माझं मत कायम आहे.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन चुकलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. अंगावर दोन गोधड्या. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी काचेचं थर्मामीटर लावलं, १०२. मी म्हटलं, तुमचं बिघडलेलं दिसतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

२९ जानेवारी, गुरुवार
ताप उतरला. शाळेत गेलो आणि काय! पहिलीच्या सतरा मुलांपैकी चौदा गैरहजर. ताप, खोकला. बघा! मी म्हणत होतो की नाही? वाईट वाटलं, प्राप्तीसुद्धा आजारी आहे, पण बैठक परवा आहे आणि पुरावा चालत आला आहे. आजच शोध सुरू. स्रोत सापडल्याशिवाय सोडायचं नाही.

संशयित: मॅडमची अगरबत्ती. विनेश, कारण ट्रेलर कुठे कुठे जातो. मोरू, कारण तो मोरू आहे.

३० जानेवारी, शुक्रवार
दिवसभर घरोघर फिरलो. मुलांना डॉक्टरांकडे नेऊन आणलंय, साधाच ताप आहे, उतरतोय. कोण कुठे बसलं, काय खाल्लं, तक्ता केला. शेंगा सतराही जणांनी खाल्ल्या. बटाटे सतराही जणांनी. आजारी न पडलेले तिघं: साहिल आणि शिवानी, हे दोघं मॅडमजवळ बसले होते, आणि हेतलबेन दुकानवालीची मुलगी, जी अंडं खातच नाही. साहिल-शिवानीच्या वाट्याला अंडी उरली नव्हती.

सापडलं! अंडी!! अंडी कोणी आणली? बायजाबाईने. तडक तिच्याकडे गेलो.

ती म्हणाली, अंडी माझीच, माझ्या कोंबड्यांची. पन अंडा कवचात, कवच मडक्यात, मडका जाळात. त्याला काय व्हनार हाय? बाहेर काढून सोलली कोनी, फुकली कोनी, ता बघा की.

मी तक्ता घडी करून खिशात ठेवला. घरी येऊन उघडला. चौदा बाण, सगळे एकाच गोलात येत होते. त्या गोलात नाव लिहायचं राहिलं होतं. पेन्सिलीने लिहिलं. मग पेनने.

३१ जानेवारी, शनिवार
बैठक. आलेख नेला नाही, तक्ता नेला. उभा राहिलो आणि सांगितलं की स्रोत मी. कोणी हसलं नाही. विनेश म्हणाला, भाऊसाहेब, पोरं बरी होतायत, बसा.

मॅडमनी माझी यादी मोठ्याने वाचली. अठरा नियम रद्द. साबण-पाणी शाळेचं नेहमीचंच, ते राहणार. एकच नियम कायम, माझाच, क्रमांक एक: ताप किंवा खोकला असल्यास शाळेत येऊ नये. पाच वर्षांत तो मोडणारा एकच माणूस नोंदीत आहे. गेटवरच्या फळ्यावर तो नियम लिहायचं काम मॅडमनी मला दिलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. यात डाव आहे का, ते बघतो. नसावा.

२ फेब्रुवारी, सोमवार
फळा लिहिला. गेटवर उभा राहिलो, हातात काही नाही. मुलं धावत आत गेली, कोणी थांबलं नाही. अगदी शेवटी प्राप्ती आली. बरी झालेली. थांबली, डोळे मिटले, कपाळ पुढे केलं. मी हात पुढे केला.

तिने एक डोळा उघडला आणि विचारलं, सर, हात धुतले का?

धुतले नव्हते. धुवून आलो. ती थांबली होती.