लेकरू काय झालं, ते सांगा

९ जाने. १९३८, अनसिंग
सकाळी मेथीला पाणी देत होतो. माय बांधावरून ओरडली, "नामदेवा, पोरगा झाला!" बैल मोटेलाच उभे ठेवून धावलो. येईल त्याच्या हातावर गूळ ठेवला. कौसल्या बरी. याआधीची दोन पोटातच गेली. हे रडतं खणखणीत.

१० जाने.
दायी सखूबाईने आत बोलावलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कोण बोलावतं? म्हणाली, "घाईत पोरगा म्हणलं, भाऊ. आता तुमीच पाहा."
पाहिलं. कळेना. लघवीची जागा खाली, मुलीसारखी. मुलाचं अंग म्हणावं तर इवलंसं. गोट्या हाताला लागत नाहीत.
"इतकी बाळंतपणं केली, असं नाई पाह्यलं."
बाहेर आलो. बैल सोडले, पुन्हा जुंपले, पुन्हा सोडले.

१२ जाने.
मायने दार लावून घेतलंय. बायांना सांगते, बाळंतिणीला ताप आहे. मला म्हणाली, "पोरगी झाली म्हणून सांग. सखू चुकली म्हणजो. पोरीचं झाकून राह्यते."
"आन् मोठी झाल्यावर?"
दाराची कडी पुन्हा पाहून आली.
कौसल्या एकच विचारते, "गिरहणात म्या सांबार चिरला होता काय?" ग्रहणात गरोदर बाईने कोथिंबीरसुद्धा चिरली तरी लेकरात व्यंग येतं, असं म्हणतात. नाही म्हणालो. खरं तर मला काही आठवत नाही.

१५ जाने.
वाशीमला वांगी नेली. कशी विकली, देव जाणे. दवाखान्यात डॉक्टरांना सगळं तोंडी सांगितलं. "मग मुलगीच समजा," म्हणाले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. एवढ्यात झालं? गूळ वाटून आठवडा नाही झाला आणि माझा...
कंपाउंडर बाहेर आला. अकोल्याला लेकरांची डॉक्टरीण आहे म्हणाला.

१६ जाने.
कौसल्या भडकली. "न पाह्यता सांगतलं? चाला अकोल्याले." माय म्हणे, सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण उंबऱ्याबाहेर? "लेकरू जाईल तिथं मी जाईन." माझ्या मायसमोर ती असं पहिल्यांदाच बोलली.

१९ जाने., अकोला
रेल्वेने आलो. कौसल्या गाडीभर पदराखाली त्याला धरून. कौसल्याने आधी गिरहणाचंच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी लेकराला खिडकीच्या उजेडात निजवलं, हलकेच चाचपलं. जांघेत एका बाजूला गोटी लागली. माझं बोट तिथे टेकवलं. हरभऱ्याहून लहान.
"मला तरी मुलगाच वाटतो. पोटात असताना शरीरातल्या ग्रंथींचा रस कमी पडतो, मग मुलाचं अंग पुरतं घडत नाही. ग्रहणाचा काही संबंध नाही, बाई."
कौसल्या तिथेच रडली.
दुसरी गोटी? उतरेल, किंवा नाही. मोठा झाल्यावर शस्त्रक्रिया, तीही मुंबईला. नीट होईलच असं नाही. मी विचारलं, "पुढं याले लेकरंबाळं?"
"ते आज कोणीच सांगू शकणार नाही." उन्हाळ्यात पुन्हा आणा म्हणाल्या.
कौसल्याने आणखी एकच विचारलं, "त्याले दुखते काय?"
"नाही."

२१ जाने.
बारसं. नाव ठेवायला बहीण यमुना मेडशीहून आली. पाळण्यावर वाकली, मग माझ्याकडे पाहिलं. "दादा, नाव?" कौसल्याच बोलली, "गोविंद. सांगा कानात, वन्सं."
बायांत कुजबूज. शेजारची मथुरा पुढे झाली. "सखू तं काही वेगळंच बोलून राह्यली. लंगोट सोड वो, नातू पाहू दे आमाले." हात घातलाच. मी जागचा हललो नाही. मायने फाडकन तो हात बाजूला केला.
"दृष्ट लागते पोराले. चाल, घुगऱ्या घे."
आमच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.
बाया गेल्यावर माय पाळण्याची दोरी धरून बसली.
"उन्हाळ्यात नेतो काय त्याले?"
"हो."
"मीबी येईन. अन् दुसरी गोटी नाई उतरली तं?"
तिच्या शेजारी बसून मीही दोरीला हात लावला.