बॅटऱ्यांची खोली आणि बोटीतला माझा निम्मा हिस्सा

काल बोट सुटण्यापूर्वी वायरमनने इंजिन उघडून पाहिले आणि आज घरी येऊन मला खात्रीने सांगितले की, इंजिनाच्या कडेला डायनॅमो बसवायची लोखंडी बैठक अजून शाबूत आहे. नवा डायनॅमो बसवला तर दिव्यांच्या, वायरलेसच्या आणि इंजिन सुरू करण्याच्या बॅटऱ्या बोट चालता चालता भरतील. त्या घरी आणण्याची गरज नाही.

मी विचारले, "हे आधी करता आलं असतं का?"

तो म्हणाला, "काकू, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हासुद्धा."

म्हणून हे मृत्युपत्र आजच करत आहे. मसुदा वकीलबाईंचा आहे. मी तो माझ्या हाताने उतरवून घेत आहे आणि मध्ये मध्ये माझे घालत आहे. अर्थ बदलत नसेल तर कायद्याला चालते, असे त्या म्हणाल्या.

लिहून देणारी मी, या घरातली थोरली सून, आता विधवा. माझे हृदय थकले आहे, डोके नाही. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे तो सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. धाकटे दीर बोटीवर गेले आहेत, त्यामुळे तेवढाही आज घरात नाही.

माझ्या मालकीचे काय, ते आधी सांगते. बोटीचा निम्मा हिस्सा, जो माझ्या यजमानांमागे माझ्या नावावर झाला. या घरातल्या दोन खोल्या: रस्त्याकडची एक आणि स्वयंपाकघरामागची एक, जिला सगळे बॅटऱ्यांची खोली म्हणतात. बँकेतली शिल्लक. चार्जर, ॲसिडची ताकद मोजायची काचेची नळी, नट सोडवायचे पाने, घासायचा ब्रश. बोटीचा उरलेला निम्मा हिस्सा दिरांचा आहे आणि त्यावर माझा दावा नाही.

कलम एक बोटीचे. पण ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

मी या घरात आले त्या वर्षी बोटीवरचा डायनॅमो जळाला. सासरे म्हणाले, नवा आणेपर्यंत बॅटऱ्या घरी आणून भरू. बोटीवर एक संच, घरी एक. बोट आली की उतरलेला संच घरी यायचा आणि भरलेला बोटीवर जायचा. सोय चांगली होती. इतकी चांगली, की डायनॅमोचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. दोन संच म्हणजे एक कायम घरी, कायम चार्जिंगवर. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार दिवस लागले नाहीत. बाकीच्यांच्या अजून आलेली नाही.

पहिल्याच वर्षी माझी आई आजारी पडली आणि मी माहेरी गेले. मागे जाऊबाईंनी, म्हणजे धाकट्या दिरांच्या नुकत्याच लग्न होऊन आलेल्या बायकोने, चार्जर लावला. पाऊस आत येतो म्हणून खिडकी घट्ट बंद केली. बॅटरी भरताना तिच्यातून वायू निघतो हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सासूबाई तिथे काहीतरी शोधायला गेल्या, दिसेना म्हणून काडी पेटवली. बॅटरीचे झाकण छताला लागले. कोणाला इजा झाली नाही, भिंतीवर मात्र ॲसिड उडाले. तिथे आजही रंग धरत नाही. मला निरोप आला, मी मिळेल त्या गाडीने परतले. आई त्यानंतर गेली. मी तिथे नव्हते.

तेव्हापासून घराचा नियम झाला: चार्जिंग चालू असेल तोवर जाणत्या बाईने घर सोडायचे नाही. जाणती बाई एकच होती. कोणी मला कोंडले नाही, कुलूप लावले नाही. मी कुठे निघाले की सगळे एवढेच विचारायचे, "मग बॅटऱ्या कोण बघणार?" अगदी गोड आवाजात. बहिणीचे लग्न मी फोटोत पाहिले. भाचा दाढी करायला लागल्यावर भेटला. बाजार खाली दिसतो, तिथेही मी घाईतच गेले.

काम मात्र मी चोख केले. सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर सोडून दुसरे पाणी जाऊ दिले नाही. टर्मिनलवर साचलेला पांढरा क्षार सोड्याच्या पाण्याने धुतला, वर ग्रीस लावले. या बोटीचे इंजिन समुद्रात बॅटरीपायी कधी अडले नाही. दीर मात्र बोटीवर टेपवर गाणी लावून बॅटरी उतरवायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "वहिनी, चार्जिंग नीट होत नाही तुमचं." एकदा मी म्हटले, "भाऊजी, गाणी कमी ऐका." त्यावर ते म्हणाले, "मग समुद्रात करमायचं कसं?" घरात करमायचे कसे, हे मला कोणी विचारले नव्हते.

आता सूनबाईचे. माझा मुलगा दुसऱ्या बंदरात जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात आहे. त्याने तिथे खोली घेतली, चूलभांडी घेतली. सूनबाई अजून इथेच, कारण माझ्याने बॅटरी उचलवत नाही आणि तिने काम पटकन उचलले. गेल्या आठवड्यात ती जायचे म्हणाली. दीर हसून म्हणाले, "जा की गं, अडवतंय कोण? फक्त बॅटऱ्या कोण बघणार तेवढं सांगून जा." ती बॅग ठेवून नळी शोधायला उठली. ते मी पाहिले. त्याच दिवशी मी वायरमनला निरोप धाडला.

तर कलम एक. बोटीतला माझा निम्मा हिस्सा माझ्या पश्चात धाकट्या दिरांना मिळावा, पण इंजिनावर डायनॅमो बसलेला व चालू असल्याचे वायरमनने वकीलबाईंना लिहून दिल्यानंतरच. माझ्यामागे दोन महिन्यांत हे झाले नाही, तर तो हिस्सा सूनबाईचा. तिने तो कोणालाही विकावा. बर्फाच्या कारखानदारालाही, ज्याच्याशी दीर बोलत नाहीत.

कलम दोन. या बोटीची कोणतीही बॅटरी माझ्या पश्चात या घरात चार्जिंगला लावली गेली, तर कलम एकप्रमाणे दिरांना मिळालेला हिस्सा त्यांच्याकडून काढून सूनबाईला द्यावा. सूनबाईने हे काम स्वखुशीने अंगावर घेतले असे कोणी सांगितले, तरी ते मान्य करू नये. मीही ते स्वखुशीनेच घेतले होते.

बॅटऱ्यांची खोली मी जाऊबाईंना देत आहे. तिथे पाहुणे उतरवावेत, धान्य ठेवावे, काहीही. खिडकी हवी तेव्हा बंद करावी. त्या स्फोटाबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी काही नाही. त्यांना कोणी शिकवले नव्हते आणि नंतरही शिकू दिले नाही. हे मी त्यांना तोंडाने कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहिले.

रस्त्याकडची खोली मुलाला. बँकेतली शिल्लक सूनबाईला, तिच्या एकटीच्या नावावर.

चार्जर भंगारवाल्याला फुकट. काचेची नळी दिरांना. सेलमधले ॲसिड तपासायला ती लागेल आणि आता ते त्यांचे त्यांनी बघायचे आहे. पाय मोडलेले ते स्टूल, ज्यावर बसून मी चार्जर राखला, ते कोणाला देत नाही. जाळावे. मात्र अंगणात, खोलीत नको.

याच्या अंमलबजावणीसाठी वकीलबाईंना नेमत आहे. दीर त्यांच्याशी वाद घालतील. त्या मागे हटणार नाहीत, म्हणूनच त्यांना नेमले.

लिहून देणारीची सही: केली.
साक्षीदार पहिला: डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला. सही केली.
साक्षीदार दुसरा: वायरमन. सही केली, आणि सही करताना म्हणाला, "काकू, तुमचे दीर मला धक्क्यावर उभं राहू देणार नाहीत आता." मी म्हटले, "डायनॅमो दुसरं कोण बसवणार आहे? येतील तुझ्याच दारी."
ठिकाण: बॅटऱ्यांची खोली, खिडकी उघडी.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

सहीनंतरची नोंद, वकीलबाईंच्या परवानगीने: सूनबाईने तिकीट काढले आहे. उद्या पहाटेच्या गाडीने ती जाईल. त्यानंतर बोट धक्क्याला लागेल आणि दीर हातगाडीवरून उतरलेला संच आणतील, दारातून तिला हाक मारतील. ओ मी देईन आणि या कागदाची नक्कल त्यांच्या हातात ठेवीन. ते उभ्या उभ्या वाचतील, चिडतील, दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. पण बोट परवा पुन्हा सुटायची आहे आणि डायनॅमो अजून बसलेला नाही. तेव्हा संच ते स्वतः उचलून आत आणतील, आणि मी त्याची झाकणे उघडून तो चार्जिंगला लावीन.