कूलंटच्या टाकीत जवाचा चहा

पूज्य तात्सुहिकोदादास,

धाकट्या एन्जुनचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण कंबर धरली आहे, कारण यथावकाश येईल.) नागोयातलं ऊन सोसतंय ना? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? इकडे रातकिडे दिवसाही गप्प बसत नाहीत, बाकी क्षेम.

आता तक्रार. गेल्या तीन आठवड्यांत या मंदिरातली सात हातपुसणी कामी आली, आणि या संहाराचे मूळ कर्ते आपण आहात. रोज सकाळी इंजिन गार असताना तेलाची पट्टी काढ, पूस, पुन्हा बुडव, मग बघ, असं तू लिहिलंस. कशाने पूस, हे मात्र लिहिलं नाहीस. तुझ्यासारख्या जन्म गॅरेजात घालवलेल्या माणसाने असं अर्धवट शास्त्र सांगावं? तुझी भावजय चिझुरु आता हातपुसणी कपाटात कुलूप घालून ठेवते आणि मला म्हणते, "तुमचे हात वाळवा वाऱ्यावर."

तुझी काळजी रास्त आहे, हे कबूल. अठरा वर्षांची गाडी, त्यात ओबोनचे दिवस. गावोगावचे पितर घरी परतायचे, आणि आम्ही बापलेकांनी त्यांच्या मागोमाग घरोघर जाऊन सूत्रं म्हणायची. तेरा तारखेला वरच्या वाडीची अकरा घरं आहेत. तिथे एकावन्न वर्षं बाबाच जातात आणि त्र्याऐंशीव्या वर्षीही मला एकट्याला धाडायला तयार नाहीत. चढ तुला ठाऊक आहे. तेव्हा तेरापर्यंत गाडी धडधाकट राहिली पाहिजे, एवढ्या एका संकल्पाने मी तुझा सगळा आचारधर्म पाळला. तेल मधासारखं दिसतं की काळं, ब्रेकचं तेल रेघेवर आहे का, सगळं पाहिलं. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठाही सरकवला, सकाळी डाग दिसावा म्हणून.

डाग दिसला. तिथेच माझं शिक्षण आडवं आलं. चार वर्षं डोंगरावरच्या विद्यापीठात संस्कृत घोकलेल्या माणसापुढे पुठ्ठ्यावर हिरवट रंगाचा साक्षात 'अ' उमटलेला, जुन्या वळणाचा, वरची रेघसुद्धा जागच्या जागी! आमच्या पंथात या एका अक्षरासमोर आयुष्यभर ध्यानाला बसतात. मी गाडीशेजारी मांडी घालून बसलो, ते पंधरा मिनिटं उठलो नाही. चिझुरु धुणं वाळत घालायला आली. "वाचत काय बसलात? गळतंय ते!" असं म्हणून (ही बाई शास्त्र शाखेची आहे, मी नुसता शास्त्री) तिने इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, कूलंटची टाकी दाखवली. पातळी खालच्या रेघेच्याही खाली.

मी पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी, पुन्हा भरलं. पातळी रेघेवर दिसली की मन शांत व्हायचं. भरलेलं जातं कुठे, असा प्रश्न पडण्याइतका वेळ ओबोनात कुणाला आहे? परवा दुसऱ्या एका वाडीची नऊ घरं करून परतताना चढावर टाकीतलं पाणी संपलं. जवळ होता तो यजमानांनी बाटलीत भरून दिलेला, भाजलेल्या जवाचा गार चहा. (घरटी एक पेला नाकारता येत नाही. नऊ घरं म्हणजे नऊ पेले, आणि वर बाटली.) मी तर्क केला, की चहा म्हणजे शंभरातले नव्याण्णव भाग पाणीच, आणि मिळालेलं दान वाया घालवणं पाप. ओतला.

दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफा. बाबा पूर्ण वेषात आत बसलेले, "मी उतरलो तर गाडीला वाटेल आपण तिला टाकली," म्हणून उतरायला नकार. मी एकट्याने ढकलली. (कंबरेचं कारण हे.) शेवटी मुरोता मिस्त्री दोर घेऊन आला, गॅरेजात गाडी गार झाल्यावर त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि त्याचा चेहराच पडला. आत सगळं तपकिरी.

"महाराज, इंजिन गेलं. पाण्यात तेल उतरलंय."

बाबांनी तत्काळ जपमाळ काढली. मग मुरोताने बोट बुडवून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि माझ्याकडे वळला.

"हिला चहा कोणी पाजला?"

मी रिकामी बाटली पुढे केली.

"साखर तरी नाही ना घातलीत?"

गळत होता पाण्याचा पंप. पहिल्या डागालाच आणली असतीत तर अर्ध्या तासाचं काम, असं म्हणाला, आणि आजूबाजूच्या चार जणांनाही ऐकू जाईल असं म्हणाला. वहिनींना नमस्कार.

तुझा,
एन्जुन

ता. क. पंप पाठवू नकोस. काल बसला. टाकी दोनदा धुतली, गाडी ठणठणीत आहे, तेराला चढ सहज चढेल. थोडक्यात, वर जे लिहिलं त्यातली काळजी आता शिळी झाली.

ता. क. दुसरा. मुरोताने गाडी सुरू करून दाखवली तेव्हा मला वाईट वाटलं. ती बंदच राहील, अशी मी आस धरून होतो.

एप्रिलपासून बाबा सूत्र म्हणता म्हणता मध्येच थांबतात. मी मागे बसून पुढचा शब्द जरा मोठ्याने उच्चारतो, ते तो धरतात आणि पुढे जातात. कुणाच्या लक्षात आलेलं नाही, चिझुरुच्यासुद्धा. परवा मात्र मृतांची नावं घेताना त्यांनी समोर बसलेल्या यजमानीणबाईंचं नाव घेतलं. थोरल्या महाराजांनी थट्टा केली असं समजून घर हसलं. बाबाही हसले, पण का हसायचं ते त्यांना कळलेलं नव्हतं. वरच्या वाडीत तर ते प्रत्येक घरातल्या चार पिढ्यांची नावं कागदाशिवाय घेतात.

तेराला ये, दादा. गाडी मीच चालवीन. हे कुणाला सांगायचं ते मला कळत नाही, आणि मला फार भीती वाटते.