बाबांच्या खांद्याची जागा

६ ऑगस्ट
तोरिनोहून इथे दक्षिणेला, कालाब्रियातल्या गावी पोचलो. पंधरा तारखेला मारियामातेची पालखी कड्यावरच्या देवळातून दोनशे बारा पायऱ्या उतरते आणि खाली होडीत बसते. पुढचा उजवा खांदा चाळीस वर्षं बाबांचा. भोई वारला की त्याची जागा मुलासाठी तीन वर्षं राखतात, मग दुसऱ्या घराण्याला जाते. हे तिसरं वर्ष. आधीची दोन ऑफिसच्या कामात गेली. (रजा होती, पण मनात काम होतं.)
माझ्या मागचा खांदा वितालियानोकाकांचा. वय अडुसष्ट. म्हणाले, "आलास एकदाचा? खांदा आणलायस ना, की तोरिनोलाच विसरलास?"
उद्यापासून पहाटे पाचला बटाट्यांचं पोतं घेऊन पायऱ्या. अनवाणी.

७ ऑगस्ट, सकाळी ११
प्रवासाचा शीण. आधी विश्रांती घ्यावी, असं शास्त्र आहे.

९ ऑगस्ट
पायऱ्या उतरलो. पोतं नाही, आधी वाट ओळखीची व्हावी. चपला घातल्या, दगड तापतात. सदतिसाव्या पायरीला अंजिराची सावली फार छान. समुद्र तिथूनही दिसतो.
तेरेझिनाताईला सांगितलं, खालपर्यंत गेलो. ती म्हणाली, "आणि समुद्रात पाय न बुडवता परत आलास? आपल्या घरातला नाहीसच मग!"
संशयी स्वभाव.

१२ ऑगस्ट
पोतं उचललं. म्हणजे, हलवलं. संध्याकाळी ताईने त्यातलेच बटाटे मिरच्यांबरोबर तळले. प्रॅक्टिस बंद पडली, त्यात माझा दोष नाही. तीनदा वाढून घेतलं.
बाबांच्या उजव्या खांद्यावर काळा घट्टा होता. मासेमारीची जाळी ओढून पडला असावा.

१४ ऑगस्ट
मुद्दा ताकदीचा नाहीच, टेक्निकचा आहे. गुडघे जरा वाकवले की पालखीचा दांडा खांद्याला नुसता टेकतो, भार येत नाही. आरशासमोर करून पाहिलं. झकास.

१५ ऑगस्ट, दुपारी २
फत्ते! दुसऱ्या वळणापासून गुडघे वाकवले. कुणाला पत्ता नाही. काका मागे कण्हत होते. वय झालं बिचाऱ्यांचं. खाली ताई रडली. म्हणाली, "बाबाच चालत आल्यासारखं वाटलं रे." मलाही भरून आलं. मी आहेच तसा.

१५ ऑगस्ट, संध्याकाळी ७
जेवायच्या आधी सगळे भोई सदऱ्याची बटणं काढतात आणि घरच्या बायका खांद्याला ऑलिव्हचं तेल चोळतात, हे मला ठाऊकच नव्हतं. लहानपणी मी पोरांच्या टेबलावर असायचो.
एकेक खांदा लालभडक. काकांचं तर कातडं सोललेलं, रक्त आलेलं. ताई तेलाची वाटी घेऊन माझ्यामागे उभी राहिली. मी बटणं काढून सदरा खांद्यावरून खाली सरकवला.
खांदा गोराचिट्टा. मुंगी चावल्याचीही खूण नाही.
ताईचा हात वाटीतच राहिला. काका उठले, माझा सदरा वर ओढला, बटणं एकेक करून लावली आणि म्हणाले, "झाक पोरा, गार वारा आहे."
ऑगस्टमध्ये. कालाब्रियात.
लाज वाटली. इतकी की ताट तसंच सरकवलं.

१६ ऑगस्ट, बसमध्ये
पुढच्या वर्षापासून बाबांच्या जागी काकांचा जावई. गुडघ्याचं दुखणं आहे असं सांगायचं ठरवलं होतं, नीट पाठही केलं होतं.
ताईने कारण विचारलंच नाही. तेलाची एक नवी बाटली तेवढी माझ्या बॅगेत ठेवली, न उघडलेली.