न मारलेलं प्यादं

४ जाने.
जिल्हा झाला, पाणी न्हाई. टँकर येतो तो गल्लीच्या तोंडाशीच रिकामा होतो. बाजारात पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' करणं अजून चालूच.
ऑफिसात कळलं, बुद्धिबळाची जिल्हा निवड यंदापासून इथंच. दोघं जण राज्य स्पर्धेला. तिथं नंबर लागला तर राष्ट्रीय 'ब', मग राष्ट्रीय 'अ'. देशातले सगळे बडे तिथं. आजवर उस्मानाबादला जायचो नि हात हलवत परत यायचो. चाळिशी आली. यंदा न्हाई तर मग गेलंच.

९ जाने.
मुरुडला थोरल्या भावाकडं. अण्णा किराणा दुकानात एकटेच, गिऱ्हाईक कुठलं! म्हटलं, निवडीला तुम्हीबी चला. "माझा खेळ गेला रे." मग नेहमीची कहाणी. तरुणपणी पुण्याकडं अखिल भारतीय स्पर्धा, देशी नियम, अण्णा भल्याभल्यांना पाणी पाजून आलेले. पुढं देशाच्या स्पर्धा विलायती नियमांवर गेल्या आणि यांनी पट गुंडाळला. "प्यादं दोन घरं पळतंय म्हणं. पंख फुटले का त्याला?"
वहिनी आतून: "भावजी, घेऊन जा यांना. दिवसभर आभाळाकडं बघत बसून राहिलेत."
शेवटी हो म्हणाले.

१६ जाने.
पुन्हा मुरुड. शिकवणं कसलं, भांडणच. देशी डावात समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी. डाव बरोबरीत, वर जिंकत आलेल्याचीच लाज. म्हणून शेवटचं मोहरं-प्यादं मारायचं न्हाई, ते ठेवूनच मात करायची. मी म्हटलं, "आता बुर्जी-बिर्जी काही न्हाई. मारा बिनधास्त."
"चारचौघांत राजाला नागवा करू? लाज हाय का न्हाई?"
घड्याळही पटत न्हाई. परत परत सांगितलं, वेळ संपून घड्याळाची झेंडी पडली की डाव गेला. समोर नुसता राजा असंल तरच बरोबरी. "डाव खेळायचा का गाडी धरायची?" म्हणाले. डोकं उठलं माझं.

६ फेब्रु.
निवड सुरू. शाळेचा हॉल. रांजण कोरडा, बुद्धिबळ संघटनेचे सेक्रेटरी म्हणाले, पाणी ज्याचं त्यानं आणा. अण्णा धोतर सावरत बसले आणि आजचे सगळे डाव मारले. लोक उभं राहून बघत होते. अभिमान वाटला. पोटातही दुखलं थोडं, खोटं कशाला लिहू.

७ फेब्रु.
आमचा दोघांचा डाव. देशीत राजाला एकदा घोड्याची उडी असते. अण्णांनी सवयीनं राजा उचलला नि टाकला की उडीवर! सेक्रेटरी आले. "बाबा, हे चालत नाही. हात लावलाय, आता राजाच हलवा." झालं, डाव कोसळला. मी जिंकलो.
रात्री जेवताना म्हणाले, "विसरलो बघ. म्हातारा झालो." मी भाकरी तशीच ठेवून उठलो.

८ फेब्रु.
शेवटची फेरी. पहिली जागा निलंग्याच्या पोरानं आधीच नेलेली. राहिली एक. माझा डाव बरोबरीत सुटला, अण्णांइतकेच गुण. त्यांचा डाव चालू. अर्धा गुण मिळाला तरी अण्णा पुढं. हरले तर मी, कारण आपसातला डाव माझा.
समोर उदगीरचे प्राध्यापक; ते जिंकले तरी गुण माझ्याइतकेच, आणि त्यांना मी कालच हरवलेलं. त्यांचा राजा आणि एक प्यादं. अण्णांकडं हत्ती, वर प्यादी. प्यादं आयतं मरत होतं. मारलं असतं तर हरायची भीतीच संपत होती. अण्णा त्याला हात लावीनात. बाजूनं फिरून राजाला कोंडत बसले. घड्याळ पळतंय. मला बोलायची बंदी, मुठी आवळून उभा. मारा की अण्णा, मारा!
झेंडी पडली. डाव गेला.
पहिल्यांदा आनंद झाला मला. खरंच झाला. मग अण्णांकडं बघितलं.

९ फेब्रु.
सकाळी स्टँडवर सोडायला गेलो. ऊन आत्तापासूनच चटके देणारं. मी म्हटलं, "बुर्जी नको म्हणून सोडलं ना? अहो, बुर्जी धरली तरी अर्धा मिळतच होता. तेवढाच लागत होता."
"ठाऊक हाय मला." एवढंच. चढले आणि खिडकीतून दुसरीकडं बघत बसले.
ठाऊक होतं! काय ठाऊक होतं? नियम? की अर्धा पुरतो ते? की माझी जागा?

१३ फेब्रु.
ऑफिसात पेढे मागतात. 'नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच संघात!' मी फायलीत डोकं घालतो. हिला सांगितलं तर म्हणे, "मोठे भाऊ आहेत, दिलं असंल तर घ्यावं." म्हणजे दिलंच असंल का? मी काय दान मागायला बसलो होतो?

१७ फेब्रु.
राहवेना, मुरुडला गेलो. वहिनी म्हणाल्या, आल्यापासून पटाला हात लावला न्हाई. अण्णा विहिरीवर. तळाशी चिखल. दोघं वाकून बघत उभे. विचारून टाकलं. "अण्णा, शप्पत हाय. विसरलात, हट्ट केलात, का माझ्यासाठी सोडलंत?"
बादलीचा दोर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तुला जायला जे सोपं पडंल, ते समज."
म्हटलं, यातलं एकबी सोपं न्हाई. अण्णा बादली उचलून घराकडं चालायला लागले.

१८ फेब्रु.
सेक्रेटरींना उद्या दुपारपर्यंत नाव पक्कं कळवायचंय. मी न्हाई म्हटलं तर उदगीरचे प्राध्यापक जाणार, अण्णा न्हाईत; गुण तिघांचे सारखे, पण अण्णा आपसातले दोन्ही डाव हरलेले. तेही विचारून आलो.
हिनं बॅग भरून दारात ठेवलीय. मी अजून नाव कळवलेलं न्हाई.