नळी काढायला कोण जातो

९ जानेवारी. सोलापूर, हॉस्पिटल.
मूत्रनलिकेतला खडा निघाला म्हणे. 'म्हणे' हा शब्द मुद्दाम. पोटावर, कमरेवर, पाठीवर कुठंही टाका नाही. डॉ. विरेश म्हणाले, लघवीच्या वाटेनं दुर्बीण घातली, लेझरनं खडा फोडला, भुगा पाण्याबरोबर वाहून गेला. खडा दाखवा म्हणालो. भुगा कसा दाखवू, म्हणाले. मी पंचवीस वर्षं तालुका वार्ताहर आहे. वाहून गेलं, हे उत्तर मी पुलाच्या कामात ऐकलेलं आहे.

१० जानेवारी
डिस्चार्ज. किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत एक बारीक नळी ठेवली आहे. सूज उतरेपर्यंत वाट मोकळी राहावी म्हणून. तीन आठवड्यांनी काढून घ्या, राहिली तर किडनीवर बेतेल, असं मला सांगितलं. मग महानंदाला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं. पेशंटच्या बायकोला वेगळं सांगायचं कारण काय? आधी ठेवायचं, मग काढायला बोलवायचं. एका खड्ड्याची दोन बिलं करणारे ठेकेदार मी पाहिले आहेत.

१२ जानेवारी. लोहारा.
भेटायला माणसं. गल्लीतला शंकरप्पा आला. त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं, वीतभर व्रण. लग्नाच्या पंगतीतही शर्ट वर करून दाखवतो. आल्या आल्या म्हणाला, "टाके बघू." नाहीत म्हणालो. "मंग खडा?" तोही नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "मंग आपरेशन झालंय कशावरनं? पैलवानासारखं बसलाव की!" बाकीचेही बिस्किटांचे पुडे वाया गेल्यासारखे बघत होते. प्रत्यक्ष काही नाही, अनुमान लंगडं. उरलं डॉक्टरांचं शब्दप्रमाण. ते मी मंत्र्यांचंही मानत नाही.

३० जानेवारी
हॉस्पिटलमधून एका बाईंचा फोन. नळी काढायला कधी येता? किती लागतील, विचारलं. पॅकेजमध्येच आहे, वेगळं काही नाही. इथं संशय पक्का झाला. पैसे मागितले असते तर घासाघीस करून गेलोही असतो. फुकट बोलावतात म्हणजे तिथं गेल्यावर नवा खडा सापडणार. महानंदा म्हणाली, "त्या डॉक्टरला तुमच्याबिगर पेशंट न्हाय व्हय?" तिला आतलं राजकारण कळत नाही.

२ फेब्रुवारी
संकल्प : तीन भागांची मालिका. शीर्षक 'खडा कुठे आहे?' तोवर नळी आतच राहील. तीच एक वस्तू पुरावा म्हणून आपल्या ताब्यात आहे. पुरावा आरोपीच्या हाती देत नसतात.

१७ फेब्रुवारी
हॉस्पिटलचा नंबर ब्लॉक केला. डॉक्टरांनी सांगितलेलं भरपूर पाणी उद्यापासून. पाणी प्यालं की सारखं उठावं लागतं, आणि आज तहसीलला बैठक आहे.

२२ मार्च
वडाप जीपनं नळदुर्गला जाऊन आलो. संध्याकाळी लघवी लाल. बीट खाल्लं असणार. महानंदा म्हणाली, दिवाळीपासून घरात बीट आलेलं नाही. मग बाहेर खाल्लं असणार. पाठीत ओढ लागते ती रस्त्यामुळं. रस्त्याची बातमी दिली.

२४ मार्च
छापून आली. म्हणजे निदान बरोबर.

११ मे
पहिला भाग पाठवला. संपादकांचा फोन : डॉक्टरांची बाजू कुठं आहे? म्हणालो, बाजू विचारायला गेलो तर ते नळी मागतील. संपादकांनी फोन ठेवला. लेखाचं वजन जाणवलं असावं.
अंगात कणकण. उन्हाळाच तसा आहे.

१९ जून
हुडहुडी भरून ताप. उन्हाळा संपला, हे मान्य. 'लोहाऱ्यात दूषित पाणी' अशी बातमी पडल्या पडल्या तयार केली. महानंदा शेजारीपाजारी विचारून आली. ताप कुणालाच नाही. "अहो, अख्ख्या गल्लीत तुमच्याच नळाला बरं दूषित पाणी आलं!" म्हणाली. मग माझा फोन घेतला, ब्लॉक काढला आणि हॉस्पिटलला लावला. बोलता बोलता रडायला लागली. कटुता नको म्हणून मी विरोध केला नाही. गाडीत चढवायला शंकरप्पा. "काढून घेतली असताव तर काय बिघडत हुतं?" म्हणाला. हे तो म्हणतो!

२० जून. सोलापूर.
एक्स-रे. नळीच्या दोन्ही टोकांवर क्षार बसून खडे धरलेत. पहिला हरभऱ्याएवढा होता. आता वरच्या टोकाचा लिंबाएवढा. डॉक्टर रागावले असते तर मला चार प्रश्न तयार होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, नळी आता ओढून निघायची नाही. आधी जंतू आटोक्यात आणू, मग खालून लेझर आणि पाठीतून बारीक छिद्र पाडून वरचा खडा फोडू. महानंदानं विचारलं, "किडनी ऱ्हाईल का?" अजून चालू आहे, म्हणाले, किती चालेल ते नंतर कळेल. मी वहीतले ते चार प्रश्न खोडले.

२४ जून
ताप उतरला. ऑपरेशन परवा. शेजारच्या खाटेवर लिंबाजी नावाचा गृहस्थ, नळदुर्गजवळ ढाबा आहे. त्याचा खडा कालच फोडला, नळी आत. मी पत्रकार आहे कळल्यावर खाटेच्या कडेला सरकला. "साहेब, तुमी खरं सांगचाल. नळी काढाया यावंच लागतं, का ह्यो ह्येंचा धंदा?"
उठून बसलो. एक्स-रे त्याच्या हातात दिला, सगळं सांगितलं. म्हणालो, दिलेल्या तारखेलाच या, एक दिवसही पुढं ढकलू नका. हात जोडले.
त्यानं एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला. माझ्याकडं बघितलं. मग दारातून डॉक्टरांच्या केबिनकडं बघितलं.
"साहेब," हळूच म्हणाला, "पेशंटमागं तुमाला किती सुटतं?"